जुनी पॉलिसी सोडू का?

वाचकांचे प्रश्न, मेडिक्लेमच्या खिडकीतून

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मी २२ वर्षं मेडिक्लेमची खिडकी सांभाळली. कागद घेणं, कंपनीला पाठवणं, अप्रूव्हलची वाट बघणं आणि आलेलं उत्तर घरच्यांना सांगणं, हे माझं काम. या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तसाच पेच आणखी कितीतरी घरांत पडलेला मला दिसतो.

प्रश्न : ताई, माझं वय ५८, पत्नीचं ५४. मी अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमची दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर मेडिक्लेम ९ वर्षांपासून आहे, एकदाही क्लेम घेतलेला नाही. सुरुवातीला हप्ता १६ हजारांच्या आसपास होता, गेल्या मार्चमध्ये ४१,३०० रुपये भरले. पत्नीला ६ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. तिचा उजवा गुडघा वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागेल असं डॉक्टर म्हणाले. ओळखीच्या एजंटने दुसऱ्या कंपनीची १० लाखांची योजना आणली आहे, हप्ता ३६ हजार. तो म्हणतो, "पोर्टच्या भानगडीत पडू नका, नवीनच घ्या, आणि शुगर कंट्रोलमध्ये आहे तर फॉर्मवर लिहायची गरज नाही." नूतनीकरण १४ मार्चला आहे. त्याने पाठवलेला तुलनेचा तक्ता सोबत जोडला आहे. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : भाऊ, आधी एक विनंती. नव्या योजनेच्या फॉर्मवर सही केली नसेल तर हे वाचून होईपर्यंत करू नका. करून बसला असाल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, तेवढं लक्षात ठेवा.

तुमचा तक्ता मी पाहिला. जुन्या योजनेपुढे ४१,३०० आणि नव्या योजनेपुढे ३६,००० असे आकडे आहेत. पाच हजार वाचतात असं वाटतं. पण गेल्या मार्चची पावती काढा आणि नीट बघा. ३५,००० हप्ता आणि त्याखाली ६,३०० जीएसटी, अशा दोन ओळी असतील. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. म्हणजे तक्त्यात जुनी योजना करासकट मांडली आहे आणि नवी बिनकराची. कर बाजूला काढला तर तुमची जुनी पॉलिसीच गेल्या वर्षीच्या दराने हजार रुपयांनी स्वस्त निघते. कंपनीने यंदा मूळ हप्ता वाढवलाही असेल. म्हणून नूतनीकरणाची नोटीस आत्ताच मागून घ्या आणि तिच्यातला आकडा तक्त्यात घाला. गेल्या वर्षीची पावती आणि या वर्षीचं कोटेशन शेजारी शेजारी ठेवून बरेच जण फसतात. १० लाखांचं छत्र ५ लाखांपेक्षा मोठं आहे हे मात्र खरं, त्याकडे नंतर येते.

आता शुगर. यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण याच एका गोष्टीवरून झालेलं नुकसान मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय.

रात्री कॅज्युअल्टीत पेशंट येतो. स्ट्रेचरवर माणूस, बाजूला घामाघूम झालेले घरचे. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर लिहिता लिहिता विचारतो, "शुगर आहे का? किती वर्षं?" मुलगा, सून, दीर, जो कुणी जवळ असेल तो पटकन सांगतो, "असेल की दहा वर्षं." डॉक्टर लिहितो, 'नोन केस ऑफ डायबेटिस, टेन इयर्स.' घरच्यांना पुढे ते आठवतही नाही. पण हाच इनडोअर पेपर दुसऱ्या दिवशी स्कॅन होऊन माझ्या खिडकीतून कंपनीकडे जायचा, आणि दुपारपर्यंत क्वेरी यायची : शुगर केव्हापासून, पहिल्या निदानाचा कागद पाठवा. विम्याच्या फॉर्मवर 'नाही', इनडोअर पेपरवर 'दहा वर्षं'. संध्याकाळी नकार. एकदा असंच एका काकांना सांगितलं, तर त्यांनी खिडकीतून हात आत घालून माझ्यासमोरचा कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून. मागची बाजू कोरी होती. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन पुढच्या सकाळी होतं.

तेव्हा 'लिहायची गरज नाही' हे वाक्य कुणीही म्हणो, ऐकू नका. एजंट मुद्दाम वाईट करतोय असं माझं म्हणणं नाही, पण फॉर्मखाली सही तुमची असते आणि खिडकीसमोर उभंही तुम्हालाच राहावं लागतं. गोळीवर आटोक्यात असलेली शुगर ही शुगरच असते.

वहिनींच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. शुगर ६ वर्षांपूर्वी निघाली, पॉलिसी ९ वर्षांची आहे. म्हणजे जुन्या पॉलिसीच्या लेखी हा पॉलिसी घेतल्यानंतर झालेला आजार. पूर्ण नवी पॉलिसी घेतलीत की तोच आजार एका रात्रीत 'आधीपासूनचा' होतो, आणि आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. गुडघा बदलण्यासारख्या ठरावीक ऑपरेशनांना बहुतेक योजनांत २ वर्षांची प्रतीक्षा असते ती वेगळीच. वर्षभरात गुडघ्याचं ऑपरेशन करायची वेळ आली तर १० लाखांची नवी पॉलिसी कपाटात असूनही सगळा खर्च तुमच्या खिशातून जाईल. आणि ज्या जुन्या पॉलिसीतून तो मिळाला असता ती तुम्ही सोडलेली असेल.

एजंट ज्याला भानगड म्हणतोय त्या पोर्टमध्ये नेमकं हेच वाचतं. एका कंपनीतून दुसरीकडे जाताना जुन्या पॉलिसीत काढलेली प्रतीक्षेची वर्षं सोबत नेण्याची सोय आपल्याकडे २०११ पासून आहे. फक्त ती वर्षं जुन्या रकमेपुरतीच मोजली जातात. तुमच्या ५ लाखांना ९ वर्षांचं श्रेय मिळेल, वरच्या वाढीव ५ लाखांना प्रतीक्षा नव्याने सुरू होईल. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'क्युम्युलेटिव्ह बोनस', म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल वाढलेली विम्याची रक्कम, अशी ओळ शोधा. ९ वर्षं क्लेम नाही, तर तिथे चांगली रक्कम जमा झालेली असू शकते. तीही पोर्ट करताना धरली जाते, आणि तिची कुणी तुम्हाला आठवण करून देणार नाही.

सलग वर्षांची दुसरीही एक किंमत आहे. ६० महिने पॉलिसी खंड न पडता चालली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, 'तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता' एवढ्यावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. २०२४ पर्यंत ही मुदत ८ वर्षांची होती, विमा नियामकाने ती ५ वर आणली. तुमच्या ५ लाखांना हे कवच केव्हाच मिळालंय. नवी पॉलिसी घेतलीत की घड्याळ पुन्हा शून्यावर.

पोर्टचा अर्ज नव्या कंपनीकडे करायचा असतो. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी आणि ६० दिवसांपेक्षा लवकर नको, असं बहुतेक पॉलिसींच्या कागदावर लिहिलेलं असतं. १४ मार्चपासून मागे मोजलं तर १३ ते २८ जानेवारी. कॅलेंडरवर खूण करा. फॉर्मवर शुगर लिहा, गोळीचं नाव लिहा, गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा. मग तीनपैकी एक होईल : कंपनी आहे त्या हप्त्यात घेईल, हप्ता वाढवून घेईल, किंवा नाही म्हणेल. नाही म्हणायचा तिला अधिकार आहे. म्हणून जुनी पॉलिसी तोपर्यंत जिवंत ठेवायची. नव्या कंपनीचं 'जुन्या वर्षांच्या श्रेयासह घेतलं' असं लेखी उत्तर १४ मार्चच्या आत आलं नाही, तर जुन्या कंपनीत हप्ता भरून मोकळं व्हायचं. फोनवरच्या 'होऊन जाईल साहेब'वर विसंबून तारीख चुकवलेली माणसं मी पाहिलीत.

आता तक्त्यात जे नाही ते सांगते. सगळ्यात आधी खोलीभाड्याची मर्यादा बघा. माझ्या थोरल्या भावाची गोष्ट सांगते, म्हणजे का ते कळेल. त्याची ३ लाखांची पॉलिसी होती, खोलीला दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. जनरलमध्ये झोप येत नाही म्हणून वहिनीने हौसेने ६,००० ची स्वतंत्र खोली घेतली. वरचे तीन हजार रोज आपण भरू, असा तिचा हिशेब. पाच दिवस राहिले. आकडे गोळाबेरीज करून सांगते : बिल १,८०,०००. त्यात खोली ३०,०००, औषधं आणि तपासण्या ६०,०००, आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ९०,०००. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून कंपनीने खोलीचे निम्मे कापलेच, शिवाय ९०,००० चेही निम्मे कापले. औषधं आणि तपासण्या पूर्ण मिळाल्या. एकूण मिळाले १,२०,०००. वहिनीच्या हिशेबाने १५,००० भरायचे होते, भरावे लागले ६०,०००. त्या दिवशी मी दुसऱ्या गावी होते. फायनल बिल होईपर्यंत मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आधी कधी त्याची पॉलिसी उघडून बघितली नव्हती. याची रुखरुख अजून जात नाही.

तर दोन्ही पॉलिसींत 'रूम रेंट' हे शब्द शोधा. 'सिंगल प्रायव्हेट रूम' लिहिलंय, 'मर्यादा नाही' लिहिलंय की टक्के लिहिलेत? तुमच्या जुन्या पॉलिसीत १ टक्का असेल तर दिवसाला ५,०००. गुडघ्याच्या ऑपरेशनला ज्या रुग्णालयात जायचा विचार आहे तिथे त्या पैशात कोणती खोली मिळते ते विचारून ठेवा. त्याच पानावर गुडघा, मोतीबिंदू यांना वेगळी कमाल रक्कम लावली आहे का ते बघा. आणि को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपण भरायचा ठरलेला वाटा. २० टक्के को-पे असेल तर ३ लाखांच्या क्लेममागे ६०,००० तुमचे. स्वस्त योजनांचा स्वस्तपणा बऱ्याचदा या एका ओळीत दडलेला असतो.

नाशिककरांनी एक ओळ मुद्दाम बघावी, ती म्हणजे झोन. काही कंपन्या शहरानुसार हप्ता ठरवतात. नाशिकला मुंबईपेक्षा कमी हप्ता बसतो, ते चांगलं वाटतं. पण अशा काही योजनांत नाशिकच्या हप्त्यावर मुंबईत उपचार घेतले तर ठरावीक टक्के आपल्याला भरावे लागतात. आणि मोठं दुखणं निघालं की आपल्याकडची माणसं कसारा घाट उतरतातच. तुमच्या ३६ हजारांच्या योजनेत ही अट आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या.

नेटवर्क रुग्णालयांची यादी वेबसाइटवर बघून समाधान मानू नका. एक सकाळ काढा. इंदिरानगरहून मुंबई नाका जवळच आहे. तिथून द्वारका, गंगापूर रोड, जिथे जिथे तुम्ही खरोखर जाल अशा तीन रुग्णालयांत स्वतः जा आणि मेडिक्लेमच्या खिडकीवर विचारा, "या दोन कंपन्यांचं कॅशलेस सध्या चालू आहे का? फायनल अप्रूव्हल यायला किती वेळ लागतो?" सकाळी अकराच्या आत गेलात तर गर्दी कमी असते आणि खिडकीवरची मुलगी मोकळेपणाने सांगते. नियमाने कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत यायला हवी, हे २०२४ पासून ठरलेलं आहे. प्रत्यक्षात कुठली कंपनी किती ताटकळवते, हे त्या खिडकीवर जितकं कळेल तितकं कुठल्याही तक्त्यात कळणार नाही.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? जुनी ५ लाखांची पॉलिसी ठेवली असती, गुडघा तिच्यातूनच केला असता आणि मोठ्या दुखण्यासाठी ५ लाखांच्या वर सुरू होणारं सुपर टॉप-अप घेतलं असतं. मोठं छत्र हवं तर ते असं वरून जोडता येतं. नुसतं टॉप-अप घेऊ नका, त्यात प्रत्येक वेळचं बिल ५ लाखांच्या वर जावं लागतं. समजा एका वर्षात दोनदा ४-४ लाखांचं बिल झालं. पहिल्या वेळी जुनी पॉलिसी ४ देईल, दुसऱ्या वेळी तिच्यात उरलेला १. राहिलेल्या ३ लाखांना साधं टॉप-अप काहीच देणार नाही, सुपर टॉप-अप ते ३ लाख देईल, कारण ते वर्षाची बेरीज बघतं. त्याच्या फॉर्मवरही शुगर लिहायची आहेच, आणि त्याची स्वतःची प्रतीक्षा असेल. म्हणून ते घ्यायचं तर आत्ताच घेतलेलं बरं.

जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा फारच तोकडी निघाली किंवा गुडघ्याला अगदी कमी रक्कम ठेवलेली दिसली, तरच माझं मत बदलेल. तेव्हाही आधी तुमच्याच कंपनीला विचारा, तुमच्याकडे यापेक्षा चांगली योजना आहे का आणि वर्षांच्या श्रेयासह तिच्यात जाता येईल का. त्याला मायग्रेशन म्हणतात. ते जमलं नाही तर पोर्ट. कोरी नवी पॉलिसी मात्र तुमच्या घरासाठी नको.

हप्ता वाढत जाईल ही तुमची धास्ती मला समजते. दोन वर्षांनी तुम्ही साठीत जाल. ६० च्या पुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघालाय. वाढ थांबणार नाही, पण एका वर्षात दीडपट झालेला हप्ता बघायची वेळ तरी येऊ नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ७२, पंचवटीत राहते. माझी २ लाखांची मेडिक्लेम आहे. मुलगा म्हणतो, सत्तरीपुढच्यांना सरकारचं ५ लाखांचं कार्ड मिळतं, मग मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरायचा?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बाई, कार्ड जरूर काढा. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आहे, उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं आणि खासगी विमा असला तरी मिळतं. मुलाचं तेवढं अगदी बरोबर आहे. पण ते चालतं योजनेत असलेल्या रुग्णालयांतच आणि ठरलेल्या उपचारांना. तुमचे नेहमीचे डॉक्टर जिथे ऑपरेशन करतात ते रुग्णालय त्या यादीत आहे का, हे मुलाला जाऊन विचारून यायला सांगा. नसेल तर २ लाखांची ती पॉलिसीच तुम्हाला तुमच्या डॉक्टरांपर्यंत नेणार आहे. या वयात एकदा सोडलेली पॉलिसी परत मिळवायची म्हणजे तपासण्या, जास्त हप्ता आणि पुन्हा प्रतीक्षा. झेपत असेल तोवर भरत राहा. खरोखर ओढाताण होत असेल तर आधी कार्ड हातात घ्या, रुग्णालयाची खात्री करा आणि मगच काय ते ठरवा.

प्रश्न : आमचा द्राक्षबाग आहे. मेडिक्लेमचा हप्ता डिसेंबरात येतो आणि माल निघून पैसे हातात यायला फेब्रुवारी उजाडतो. गेल्या वर्षी १२ दिवस उशिरा भरला. पॉलिसी तुटली का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, नाही तुटली. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात भरला की तुमची सगळी जुनी वर्षं कायम राहतात. पण ते १२ दिवस तुम्ही उघड्यावर होता. वार्षिक हप्ता थकलेला असताना त्या मधल्या दिवसांत कुणी ॲडमिट झालं असतं तर क्लेम मिळाला नसता. छाटणीपासून काढणीपर्यंत फवारणी, ट्रॅक्टर, रात्रीचं पाणी सगळं चालू असतं, तेव्हा नेमके हेच दिवस उघडे ठेवू नका. कंपनीला मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय आहे का विचारा. पॉलिसीच्या वर्षात हप्ते पाडून भरत असाल तर हप्ता चुकल्यावरच्या सवलतीच्या दिवसांतही संरक्षण चालू राहतं, असा नियम २०२४ मध्ये आलाय. मासिक हप्त्याला ही सवलत १५ दिवसांची असते. डिसेंबरात एकदम चाळीस हजार उभे करण्यापेक्षा महिन्याला तीन-साडेतीन हजार निघणं तुम्हाला सोपं जाईल असं वाटतं. नूतनीकरणाच्या वेळीच ही मागणी करा, मध्येच हप्त्याची पद्धत बदलून मिळेल असं धरून चालू नका.